विस्मृतीचे अर्थकारण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या भाषेत केव्हा रूढ झाली हे सांगणे कठीण. परंतु तिने आपल्या विचारशक्तीवर जे ओझे टाकले ते अद्यापि उतरलेले नाही. म्हातारपण आले की बुद्धी जावयाचीच, असे एकदा गृहीत धरले म्हणजे त्याबाबत काही करावयाचे उरत नाही. आजोबा एकच प्रश्न दहा वेळा विचारतात, आजी पानावरून उठल्यानंतर घटकाभराने ‘मला कुणी जेवायला वाढलेच नाही’ म्हणून रुसते, जन्मभर तुडवलेल्या गल्लीत कुणी वाट चुकते. घरातील माणसे ‘म्हातारचळ लागला’ म्हणतात, प्रथम हसतात, मग चिडतात आणि अखेरीस दिवस ढकलतात. प्रस्तुत लेखकाने साठी ओलांडून काही वर्षे लोटली आहेत. तेव्हा या म्हणीविरुद्ध तक्रार करण्यात त्याचा थोडा स्वार्थ आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. परंतु हा प्रश्न एका पिढीच्या मानापमानाचा नाही. समाजाचा पैसा कशावर खर्च व्हावा आणि माणसांचे श्रम कुणाच्या हिशेबात धरावेत, असा तो प्रश्न आहे. आणि तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टाळावा असा नाही.

वयोमानाप्रमाणे येणारे विस्मरण आणि स्मृतिभ्रंश या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भाजीवाल्याला किती पैसे दिले हे विसरणे हे विस्मरण होय. हातातील नोट ही काय वस्तू आहे व तिचे काय करावयाचे, हेच उमजेनासे होणे हा स्मृतिभ्रंश. यात स्मृतीबरोबर निर्णयशक्ती, भाषा, दिशेचे भान आणि अखेर स्वतःची निगा राखण्याची क्षमताही क्षीण होत जाते. तो अनेक रोगांमुळे होतो. अल्झायमरचा रोग हे त्यांतील सर्वांत मोठे कारण, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे दुसरे महत्त्वाचे कारण. बहुसंख्य वृद्धांना तो होत नाही. म्हणजेच म्हण खोटी आहे.

ती खोटी ठरवण्याचे श्रेय संशोधनाला दिले पाहिजे. तथापि या संशोधनात दोन प्रवाह आहेत, आणि त्यांच्या नशिबी आलेला पैसा सारखा नाही. एक प्रवाह विकता येईल अशा वस्तूचा शोध घेतो. दुसरा, जे सर्वांना वाटून द्यावे लागेल अशा गोष्टींचा. जगातील पैसा प्रामुख्याने पहिल्याच्या पाठीशी उभा राहिला. आपल्यासारख्या देशाला मात्र दुसऱ्याची गरज अधिक आहे. हे विधान थोडे विस्ताराने सिद्ध करावयाचे आहे.

१९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. आलोईस अल्झायमर या डॉक्टराने तिच्याशी झालेल्या संभाषणांची बारकाईने टिपणे केली. १९०६ साली ती वारली तेव्हा त्याने तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले. मज्जापेशींच्या बाहेर साचलेले पुटांसारखे साठे आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू, अशा दोन खुणा त्याला आढळल्या व त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेन येथील सभेत त्याने त्या मांडल्या. १९१० साली एमिल क्रेपेलिन याने आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमरचे नाव दिले. परंतु रोगी ५१ वर्षांची होती. म्हणून पुढील सहा दशके हा ऐन उमेदीत होणारा एक दुर्मिळ विकार मानला गेला. सत्तरीतील माणसाला तेच झाले तर त्याला रोग म्हणावयाचे नाही, वार्धक्य म्हणावयाचे, अशी वैद्यकाची रीत होती. सारांश, युरोपातही ‘साठी बुद्धी नाठी’ हाच सिद्धान्त चालू होता. फक्त तो लॅटिन परिभाषेत सांगितला जाई.

हे चित्र १९७० च्या दशकात पालटले. १९७४ साली अमेरिकेत वार्धक्यविषयक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन या मज्जाविकारतज्ज्ञाने एका संपादकीय लेखात असे प्रतिपादन केले की, ५१ व्या वर्षी होणारा आणि ७५ व्या वर्षी होणारा विकार एकच आहे. तसे मानल्यास तो त्या देशातील मृत्यूचे चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकाचे कारण ठरतो. एका लेखाने रोग्यांची संख्या हजारांवरून लाखांवर नेली. रोगाला नाव मिळाले की त्याला अंदाजपत्रक मिळते, हा सार्वजनिक अर्थव्यवहारातील अनुभव येथेही आला. आज अमेरिकेचे सरकार या संशोधनावर दरसाल तीन अब्ज डॉलरांहून अधिक खर्च करते. हा पैसा करदात्याचा आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

१९८४ साली ग्लेनर व वाँग या संशोधकांनी रोग्यांच्या मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड द्रव्यातील प्रथिनाची ओळख पटवली. १९९२ साली हार्डी व हिगिन्स यांनी त्यावरून एक उपपत्ती मांडली : हे प्रथिन साचणे हेच मूळ, बाकी सारे त्याचे परिणाम. उपपत्ती सुबक होती, आणि तिचा आणखी एक गुण असा की ती औषध कंपन्यांना सोयीची होती. कारण साचलेला पदार्थ धुऊन काढणारे द्रव्य बनवता येते, त्याचे पेटंट घेता येते आणि ते विकता येते. पुढील तीस वर्षे पैसा, पदे व प्रतिष्ठा यांचा ओघ बहुतांशी या एकाच दिशेने वाहिला. एकामागून एक औषधे प्रयोगात अयशस्वी ठरली तरी दिशा बदलली नाही. या उपपत्तीला बळ देणारा २००६ सालचा एक गाजलेला निबंध, त्यातील चित्रांत फेरफार झाल्याचे उघडकीस आल्यानंतर, २०२४ साली मागे घ्यावा लागला. एका निबंधाने उपपत्ती उभी राहत नाही आणि कोसळतही नाही; तिच्या बाजूने आनुवंशिकीचा भक्कम पुरावा आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. परंतु सर्व अंडी एकाच टोपलीत ठेवण्याचा हा व्यवहार विज्ञानाच्या गरजेतून जितका झाला तितकाच बाजाराच्या गरजेतूनही झाला.

बाजाराची गरज किती प्रबळ असते याचे उदाहरण अडुकानुमॅब या औषधाने पुरवले. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी औषध-नियामकाच्या सल्लागार समितीने त्याच्या परिणामकारकतेविषयी प्रतिकूल मत दिले. असे असता जून २०२१ मध्ये नियामकाने त्याला मान्यता दिली; समितीतील तीन तज्ज्ञांनी राजीनामे दिले. बायोजेन कंपनीने त्याची किंमत वर्षाला ५६,००० डॉलर ठरवली. मग काय झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याचा मासिक हप्ता २०२२ साठी १४८.५० वरून १७०.१० डॉलरांवर गेला, आणि या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ या एका औषधाच्या संभाव्य खर्चाची तरतूद म्हणून होती. ज्यांना हा रोग नव्हता आणि ज्यांना ते औषध कधीच मिळणार नव्हते, अशा कोट्यवधी वृद्धांच्या खिशाला ही झळ लागली. पुढे कंपनीला किंमत निम्म्यावर आणावी लागली, युरोपच्या नियामकाने मान्यता नाकारली, अमेरिकेच्या सरकारी विम्यानेही हात आखडता घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने हे औषध गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

त्यानंतर आलेले लेकानेमॅब हे अधिक प्रामाणिक औषध आहे. १,७९५ रोग्यांवर अठरा महिने चाललेल्या प्रयोगात त्याने रोगाची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, असे आढळले. २७ टक्के हा आकडा भारदस्त वाटतो. परंतु १८ गुणांच्या ज्या मापावर तो काढला त्यावर दोन गटांतील अंतर ०.४५ गुणांचे, म्हणजे अर्ध्या गुणाहूनही कमी होते. रोग थांबला नाही. गेलेली स्मृती परत आली नाही. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज दिसली. म्हणून दर दोन आठवड्यांनी शिरेतून औषध देण्याबरोबरच मेंदूच्या चुंबकीय तपासण्याही वारंवार कराव्या लागतात. अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. तेथील मूळ किंमत वर्षाला २६,५०० डॉलर. म्हणजे आजच्या विनिमय दराने वीस लाख रुपयांहून अधिक.

आता साधा त्रैराशिकाचा हिशेब मांडू. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीने दिला आहे. हे औषध केवळ आरंभीच्या अवस्थेतील अल्झायमरच्या रोग्यांना चालते. म्हणून आपण दहांतील एकच रोगी धरू. प्रत्येकी वीस लाख रुपये धरले तरी वर्षाचा खर्च १ लाख ७६ हजार कोटी रुपये होतो. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची २०२५–२६ ची सारी तरतूद सुमारे एक लाख कोटींची आहे. किंमत दहाव्या हिश्शावर आली तरीही, अर्ध्या गुणाच्या लाभासाठी तिच्या सहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम एकाच औषधावर जाईल. या आकड्यांपुढे भाष्याची गरज नाही.

याचा अर्थ औषधांचे संशोधन थांबवावे असा कुणी करू नये. क्षयावर औषध निघाले नसते तर केवळ स्वच्छ हवेच्या उपदेशाने रोगी वाचले नसते. आज निघालेले औषध दुबळे असले तरी उद्याचे समर्थ असू शकेल. आक्षेप आहे तो संशोधनाच्या प्रमाणाला आणि त्याच्या फळांच्या वाटपाला. मूलभूत शोधाचा खर्च करदात्याने सोसावयाचा आणि त्याच्या टोकाला लागलेले फळ मात्र कंपनीने मनमानी भावाने विकावयाचे, या व्यवस्थेला खुला बाजार म्हणणे हे भाषेचेही विडंबन आहे.

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळू. १९९८ साली कोचीन येथे संशोधकांचा एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. त्याने आपले नाव ‘दहा-सहासष्ट’ असे ठेवले. नाव विचित्र वाटते, पण त्यात अवघा अन्याय सामावलेला आहे. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे जगातील स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपैकी ६६ टक्के विकसनशील देशांत राहत होते; लोकसंख्येच्या पाहणीवर आधारलेल्या संशोधनापैकी १० टक्केही त्या देशांत होत नव्हते. विषमतेच्या आकडेवारीलाच संस्थेचे नाव करण्याची ही कल्पना कुणा अर्थतज्ज्ञाला सुचावयास हवी होती.

संशोधन श्रीमंत देशांत झाले म्हणून काय बिघडले, मेंदू तर सर्वत्र सारखाच, असे कुणी म्हणेल. बिघडते ते मोजपट्टीपासून. स्मृतीची जगभर वापरली जाणारी संक्षिप्त चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत शंभरातून सात-सात वजा करावयास सांगतात, कागदावर छापलेली सूचना वाचून तीप्रमाणे कृती करावयास सांगतात, एक वाक्य लिहून दाखवावयास सांगतात. जिने आयुष्यात पाटीही हाती धरली नाही, ती मराठवाड्यातील शेतमजूर स्त्री या चाचणीत अनुत्तीर्ण होणार हे उघड आहे; आणि तिची बुद्धी मात्र शाबूत असेल. हरियाणातील बल्लभगढच्या ग्रामीण भागात १९९० च्या दशकात भारतीय व अमेरिकी संशोधकांनी पाहणी केली तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला, कारण तेथील सुमारे तीन-चतुर्थांश वृद्ध निरक्षर होते. त्यांनी चाचणीची हिंदीत पुनर्रचना केली. वाक्य लिहून दाखवण्याऐवजी ‘आपल्या घराविषयी काही सांगा’ असे विचारले; वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षक करील तसे करून दाखवावयास सांगितले. दिसावयास ही लहान दुरुस्ती. परंतु तिने कोट्यवधी निरक्षर माणसांच्या बुद्धीला मोजमापाच्या कक्षेत सन्मानाने आणले.

त्या पाहणीत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जगातील कमी प्रमाणांपैकी एक निघाले. पुढील देशव्यापी पाहणीत ते साठीवरील लोकसंख्येत ७.४ टक्के आढळले. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती व वयोगट भिन्न असल्याने त्यांची सरळ तुलना करता येणार नाही. परंतु ग्रामीण भागात रोग दृष्टीआड राहण्याचे एक सामाजिक कारण विचारात घेण्यासारखे आहे. दैनंदिन व्यवहारात अडथळा आल्याखेरीज स्मृतिभ्रंशाचे निदान होत नाही. ज्या म्हाताऱ्याकडे घराने कोणताही व्यवहार ठेवलेलाच नाही, जो ओसरीवर बसतो, वाढलेले जेवतो आणि पडतो, त्याच्या व्यवहारात अडथळा आलेला कुणाला दिसावा? अपेक्षाच संपल्या की उणीव जाणवत नाही.

याच देशव्यापी पाहणीत हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. येथे शिक्षणाचा संबंध येतो. अमेरिकेत १९८६ पासून ६७८ जोगिणींचा अभ्यास झाला; त्या सर्वांचे प्रौढपणीचे जीवनमान जवळजवळ सारखे होते. ज्यांनी विशीत लिहिलेल्या आत्मवृत्तांत भाषेची व विचारांची समृद्धी अधिक होती, त्यांना वृद्धापकाळी हा विकार कमी प्रमाणात झाला. शिक्षणाने मेंदूत एक प्रकारची गंगाजळी साठते आणि रोगाचे आक्रमण झाल्यावर ती काही काळ पुरते, असे आता सामान्यतः मानले जाते. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे आम्ही जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवले. तरीही इतक्या देशांत इतक्या वेळा आढळलेला संबंध दुर्लक्षिता येत नाही. आज पंचाहत्तरीत असलेली स्त्री १९६१ च्या खानेसुमारीच्या सुमारास शाळेच्या वयाची होती. त्या वर्षी देशातील स्त्रियांची साक्षरता १५ टक्क्यांच्या आसपास व पुरुषांची ४० टक्के होती. सहाव्या वर्षी मुलीला शाळेत न घालता धाकट्या भावंडांच्या मागे लावले, त्याची किंमत ती आज पंचाहत्तराव्या वर्षी चुकवीत आहे. विषमतेचे व्याज इतक्या दीर्घ मुदतीने वसूल होते, हे आमच्या पाठ्यपुस्तकांत कुठे लिहिलेले नव्हते.

शाळेखेरीजही गंगाजळी साठवण्याचे मार्ग आहेत, हे हैदराबादच्या अभ्यासाने दाखवले. सुवर्णा अल्लादी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ६४८ रोग्यांच्या अभ्यासात, दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश एकभाषिकांपेक्षा सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे आढळले. आणि हा फरक निरक्षरांतही दिसून आला. म्हणजे हे श्रेय निव्वळ शाळेचे नव्हे. सोलापुरातील विणकर घरी तेलुगू, बाजारात मराठी आणि शेजाऱ्याशी कानडी बोलतो. या त्रिभाषिक व्यवहाराला आपण कधी संपत्ती मानले नाही. भाषेच्या नावाने भिंती उभारणाऱ्यांनी हा निष्कर्ष अवश्य वाचावा.

२०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने जगातील संशोधनाचा आढावा घेऊन चौदा जोखमींची यादी दिली : अल्प शिक्षण, श्रवणदोष, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील घातक चरबी, धूम्रपान, मद्यपान, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, नैराश्य, डोक्याला मार, प्रदूषित हवा, एकटेपणा आणि उपचाराविना राहिलेला दृष्टिदोष. या सर्व दूर करता आल्या तर स्मृतिभ्रंशाचे जवळजवळ ४५ टक्के प्रसंग टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा तात्त्विक अंदाज आहे. ही यादी पुन्हा वाचून पाहावी. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचे यंत्र, रक्तदाबाची गोळी, शाळा, शुद्ध हवा, चार माणसांत बसण्याची जागा : यांतील बहुतेक गोष्टींवर कुणाला नवे पेटंट मिळावयाचे नाही. म्हणूनच त्यांची जाहिरात होत नाही.

हा केवळ तर्क नाही. ग्रामीण चीनमध्ये ३२६ खेड्यांतील जवळजवळ ३४,००० रक्तदाबग्रस्तांवर एक प्रयोग झाला. त्याचे फळ २०२५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या खेड्यांत गावपातळीवरच्या, अल्प प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय कार्यकर्त्यांनी मोफत वा स्वस्त गोळ्या देऊन, घरोघर पाठपुरावा करून लोकांचा रक्तदाब नियंत्रणात ठेवला. चार वर्षांत त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण इतर खेड्यांपेक्षा १५ टक्क्यांनी कमी राहिले. गोळ्या जुन्या, कार्यकर्ते गावचे, नवे होते ते फक्त संघटन. सर्वच उपाय इतके सरळ नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. अमेरिकेत ९७७ वृद्धांवर झालेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या श्रवणयंत्रांच्या प्रयोगात एकंदर गटाला लाभ दिसला नाही. ज्यांना मुळात जोखीम अधिक होती त्या उपगटातच तीन वर्षांत बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे लाभ कुणाला होतो हे शोधावयास हवे. आणि हे शोधकार्य आपल्या लोकांत, आपल्या पैशाने व्हावयास हवे.

प्रतिबंधाने सारे रोगी वाचणार नाहीत. जे आज आजारी आहेत त्यांची शुश्रूषा कोण करते? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली या विकाराचा जगावरील आर्थिक भार १.३ लाख कोटी डॉलर होता. त्यातील सुमारे निम्मा भार म्हणजे कुटुंबीयांनी व आप्तेष्टांनी विनावेतन केलेल्या सेवेचे मूल्य होय. या सेवेच्या तासांपैकी ७० टक्के तास स्त्रियांचे असतात. आपल्याकडे २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातील बिनमोल काम करणाऱ्यांपैकी स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात असे दिसले. यावर ‘आमची कुटुंबसंस्था हाच आमचा वृद्धाश्रम’ असे अभिमानाने सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. या वाक्यातील कुटुंबसंस्था म्हणजे व्यवहारात घरातील सून, मुलगी किंवा पत्नी असते, एवढेच कुणी सांगत नाही. तिने रात्री तीनदा उठावयाचे, दाराला कडी घालावयाची, अंथरूण बदलावयाचे, ‘तू कोण?’ हा प्रश्न ऐकावयाचा आणि सकाळी कामावर जावयाचे. किंवा नोकरी सोडावयाची. पुरुषाने आपल्या घरकाम करणाऱ्या बाईशी लग्न केले की राष्ट्रीय उत्पन्न घटते, हा पिगू या अर्थशास्त्रज्ञाचा १९२० सालचा विनोद आम्ही वर्गात सांगत असू. त्या विनोदातील स्त्रीचे श्रम शंभर वर्षांनंतरही हिशेबाबाहेरच आहेत.

शासनाचा वाटा काय? दारिद्र्यरेषेखालील वृद्धाच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा हिस्सा साठ ते एकोणऐंशी वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आहे. सुमारे दोन दशके तो तितकाच राहिला आणि या काळातील भाववाढीने त्याचे मोल कितीतरी खाली आणले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना पाच लाखांपर्यंतचे आयुष्मान संरक्षण मिळाले, हे स्वागतार्ह होय. परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. आणि स्मृतिभ्रंशाचा रोगी रुग्णालयात नसतो, तो घरात असतो. त्याला आठ-दहा वर्षे सोबत लागते. सोबतीचे बिल कोणत्याही विम्यात बसत नाही.

ज्या देशात मुले कुपोषित आहेत तेथे म्हाताऱ्यांवर पैसा कशाला, असा आक्षेप सुज्ञ वाचकांच्या मनात येईल, आणि तो अप्रामाणिक नाही. परंतु वर दिलेल्या संशोधनाचा निष्कर्षच असा की या दोन खर्चांत झगडा नाही. मुलीची शाळा, चाळिशीतील मजुराच्या रक्तदाबाची तपासणी, कारखान्यातील कर्णकर्कश आवाजापासून कामगाराच्या कानांचे रक्षण, चुलीच्या धुरातून गृहिणीची सुटका हे सारे त्या त्या वयातील हक्क आहेत; आणि तेच वृद्धापकाळचे औषधही आहे. झगडा असलाच तर या सार्वत्रिक खर्चात आणि मूठभरांच्या महागड्या उपचारात आहे.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सदस्य राष्ट्रांसाठी स्मृतिभ्रंशाचा कृतिआराखडा मान्य केला व त्याची मुदत आता २०३१ पर्यंत वाढवली आहे. केरळने २०१४ सालीच आपला कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्राने आपला आराखडा अंदाजपत्रकातील आकड्यासह मांडावा. विद्यापीठे व वैद्यकीय महाविद्यालये यांनी निरक्षर व्यक्तींनाही लागू पडतील अशा चाचण्या मराठीत, तसेच अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोंडी बोलणाऱ्यांसाठी तयार करून पडताळाव्यात. याला लागणारा पैसा मोठा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या महिन्याचे तीसही दिवस मिळाव्यात. आशा कार्यकर्त्यांच्या तपासणी-अर्जात साठी ओलांडलेल्यांसाठी विस्मरणाचा एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘होय’ आल्यास पुढची वाट ठरलेली असावी, आणि हे वाढीव काम त्यांच्या गळ्यात मानधनाच्या नावाखाली न घालता त्याचे वेतन द्यावे. तालुक्याला निदान एक दिवसपाळीचे शुश्रूषाकेंद्र आणि घरी सेवा करणाऱ्या व्यक्तीला भत्ता, एवढे झाले तरी हजारो स्त्रियांची नोकरी व झोप दोन्ही वाचतील. आणि ज्या औषधाच्या शोधात सार्वजनिक पैसा गेला त्याची किंमत सार्वजनिक छाननीखाली ठरावी, ही भूमिका भारताने आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर मांडावी.

पुढील अंदाजपत्रकी अधिवेशनात आपापल्या आमदारांना एकच प्रश्न विचारता येईल : या आजारासाठी राज्याने किती रुपये ठेवले आहेत? उत्तर रुपयांत यावे, सहानुभूतीत नव्हे.